टिप्पणी डावीकडे, कागद उजवीकडे

केंद्रीय सचिवालयाच्या नस्तीला दोन अंगे असतात. एक टिप्पणीचे, दुसरे पत्रव्यवहाराचे. हिरवट कागदावर लिहिलेली टिप्पणी बहुतेक कार्यालयांत डाव्या अंगाला बांधलेली असते आणि ज्या कागदांच्या आधारावर ती लिहिली गेली ते कागद उजव्या अंगाला असतात. दोन्हींचे पृष्ठांकन वेगळे. टिप्पणीतल्या प्रत्येक विधानाला समासात आधार द्यावा, अमुक बाब पत्रव्यवहाराच्या पृष्ठ १४ वर आहे असे दाखवावे, विचाराधीन पत्राला पताका लावावी, हा शिरस्ता नवीन साहाय्यकाला पहिल्याच आठवड्यात शिकवला जातो. कार्यपद्धतीच्या पुस्तिका बदलत गेल्या, पण ही मांडणी टिकली, कारण तिच्यामागे एक साधा अविश्वास आहे. खालच्या पायरीवरच्या माणसाने काय लिहिले ते वाचताना मूळ कागद वरच्या पायरीवरच्या माणसाच्या नजरेखाली असला पाहिजे. मत आणि पुरावा एकाच वेळी दिसले पाहिजेत.

हे प्रास्ताविक अशासाठी की आज मला संगणकाच्या खिडक्यांविषयी लिहायचे आहे. खिडकी पडद्याच्या कडेला नेली की ती आपोआप अर्ध्या पडद्यावर चिकटते आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसरी खिडकी बसवता येते, ही ती सोय. तंत्रज्ञानाच्या जाणकारांना हा विषय किरकोळ वाटेल. आमच्या वर्गातल्या वरिष्ठांना तो लेखनिकांचा वाटेल. माझ्या मते तो निर्णयप्रक्रियेचा आहे, आणि आपण तो गेली काही वर्षे फार बेपर्वाईने हाताळत आहोत.

थोडा इतिहास पाहू. पडद्यावरील खिडकीची कल्पना सत्तरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात आकाराला आली. तेथील संशोधकांनी टेबलावर पसरलेल्या कागदांसारख्या, एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या करून दाखवल्या. गंमत अशी की त्याच कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या स्टार या संगणकात खिडक्या मुळात एकमेकींवर चढत नसत, त्या फरश्यांसारख्या शेजारी शेजारी बसत. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या पहिल्या विंडोजमध्येही तेच होते. दुसरी खिडकी उघडली की पहिली आकसून तिला जागा करून देई. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर चढू लागल्या, पुढच्याच वर्षी ॲपलने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि तो पुढे न्यायालयात टिकला नाही. पण खिडक्यांच्या बाबतीत टेबलावरच्या पसाऱ्याचीच सरशी झाली. पसाऱ्यात जो कागद वर असतो तोच दिसतो. बाकीचे आहेत एवढे माहीत असते, पण ते दिसत नाहीत.

त्यातच त्या काळचे पडदे लहान. चौदा इंची पडद्यावर दोन खिडक्या शेजारी ठेवल्या तर दोन्ही निरुपयोगी होत. त्यामुळे नव्वदच्या दशकात सरकारी कार्यालयांत जी पिढी संगणकावर बसली (मीही त्याच पिढीतला) तिला पहिला धडा मिळाला तो उजव्या कोपऱ्यातला चौकोन दाबून खिडकी पूर्ण पडदाभर करण्याचा. त्या पडद्यांपुरता तो धडा बरोबर होता. पडदे मोठे झाले, धडा मात्र तोच राहिला. अर्थशास्त्रात पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये टंकयंत्राच्या क्वर्टी कळफलकाचे उदाहरण घेऊन जे मांडले तेच इथे लागू पडते. मूळ कारण नाहीसे झाल्यावरही रूढ झालेली पद्धत केवळ रूढ आहे म्हणून चालू राहते.

विंडोजमध्ये ‘आडवे मांडा’ आणि ‘उभे मांडा’ असे पर्याय खालच्या पट्टीवर उजवी कळ दाबल्यावर दिसत, पण वापरणारे विरळा. खरा बदल ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आला. खिडकी धरून डाव्या किंवा उजव्या कडेला नेली की ती बरोबर अर्धा पडदा व्यापू लागली. विंडोजची कळ आणि बाणाची कळ एकत्र दाबूनही हेच साधते. विंडोज ८ ने २०१२ मध्ये नव्या धाटणीच्या ॲपसाठी वेगळाच प्रकार आणला. त्यात दुसऱ्या ॲपला केवळ एक अरुंद पट्टी मिळे, आणि तीही पडदा किमान १३६६ बिंदू रुंद असेल तरच. २०१५ च्या विंडोज १० मध्ये चार कोपऱ्यांत चार खिडक्या बसवता आल्या, आणि एक खिडकी एका बाजूला बसताच दुसऱ्या बाजूला कोणती हवी ते संगणक विचारू लागला. ऑक्टोबर २०२१ च्या विंडोज ११ मध्ये मांडणीचे तयार आराखडे आले. मोठे करण्याच्या चौकोनावर नुसते थांबले की ते उलगडतात. जोडीने बसवलेल्या खिडक्यांची जोडी संगणक लक्षातही ठेवतो. ॲपलच्या संगणकांवर दोन खिडक्यांचा पूर्ण पडदा २०१५ मध्ये आला, तर कडेला नेऊन चिकटवण्याची सोय २०२४ पर्यंत नव्हती. ती हवी असलेल्यांना तोवर बाहेरचे सॉफ्टवेअर घ्यावे लागे.

म्हणजे ज्या मांडणीपासून विंडोजने १९८५ मध्ये सुरुवात केली तिच्याकडे चोवीसेक वर्षे चाचपडत परत येणे झाले. आमच्या नस्तीने ती मांडणी कधी सोडलीच नव्हती.

आता ई-ऑफिसकडे वळू. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने विकसित केलेल्या या प्रणालीत कागदी नस्तीची रचना जाणीवपूर्वक जपलेली आहे. डावीकडे हिरव्या पार्श्वभूमीवर टिप्पणी, उजवीकडे पत्रव्यवहार. ज्याने हे ठरवले त्याला कार्यालयीन कामकाज कळत होते यात शंका नाही. पण २०२० च्या टाळेबंदीनंतर ई-ऑफिसचा वापर झपाट्याने वाढला तसतसे मला निरनिराळ्या कार्यालयांत एकच दृश्य दिसू लागले. लहान पडद्यावर दोन्ही भाग अरुंद होतात, अक्षर बारीक होते, म्हणून टिप्पणीचा भाग ताणून रुंद केला जातो. पत्रव्यवहार डोळ्यांआड जातो. टिप्पणीही पूर्ण वाचली जात नाही. शेवटचा परिच्छेद, त्यातला प्रस्ताव, आणि मग ‘वरीलप्रमाणे’. कागदी नस्तीत असे करणारे नव्हते असे नाही, पण तिथे कागद निदान समोर पडलेला असे आणि चाळायला बोट पुरे होई. पडद्यावर तो मुद्दाम उघडावा लागतो. मुद्दाम उघडावी लागणारी गोष्ट दिवसाला साठ नस्त्या निपटणारा माणूस उघडत नाही, हा काही त्याच्या सचोटीचा प्रश्न नाही.

याची किंमत कोण मोजतो ते एका प्रकरणावरून सांगतो. पूर्व भारतातील एका शहरात असताना माझ्यापुढे एक कुटुंब निवृत्तिवेतनाची नस्ती आली. मृत कर्मचारी मूळचे वऱ्हाडातले, सगळी नोकरी महाराष्ट्राबाहेर झालेली. सेवापुस्तकात पत्नीचे नाव एक आणि तिच्या बँक खात्यावरचे नाव दुसरे. आडनाव नव्हे, नावच वेगळे. टिप्पणीत लिहिले होते की नावांत तफावत असल्याने दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे सिद्ध होत नाही, सबब न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागवावे. खाली चार सह्या. लिहिणाऱ्यांपैकी कोणी मराठी नव्हते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपल्याकडची जुनी चाल त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या बाईंचे माहेरचे खाते माहेरच्या नावाने चालू राहिले होते, एवढाच तो गुंता.

पण इथे मराठी असण्याची गरजही नव्हती. माझी सवय टिप्पणी एका अर्ध्यात आणि कागद दुसऱ्या अर्ध्यात ठेवून वाचण्याची. तसे वाचताना पत्रव्यवहाराच्या पृष्ठ ३१ वर कर्मचाऱ्याने स्वतःच्या हाताने भरलेला कुटुंबाच्या तपशिलाचा नमुना दिसला. त्यात पत्नीच्या नावापुढे ‘विवाहापूर्वीचे नाव’ म्हणून बँकेतलेच नाव लिहिलेले होते आणि त्यावर कार्यालयाचा शिक्काही होता. टिप्पणीत पृष्ठ ३१ चा उल्लेख होता, पण जन्मतारखेच्या संदर्भात. चारही जणांनी तो संदर्भ मान्य केला होता, ते पान कोणी उघडले नव्हते. आदेश निघायला त्यानंतर दोन दिवस लागले. त्याआधी सात महिने गेले होते. घरभाडे देऊन राहणाऱ्या, स्थानिक भाषा जेमतेम बोलणाऱ्या बाईला परक्या शहरात सात महिने काढणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राबाहेर संसार केलेल्या वाचकांना मी सांगायला नको.

हर्बर्ट सायमन यांचे नाव प्रशासनाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. १९४७ मध्ये त्यांनी प्रशासकीय वर्तनावर ग्रंथ लिहिला आणि १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. माणसाची विवेकबुद्धी सीमित असते, आणि संघटनेची रचना ही त्या सीमेला दिलेली साथ असते, हा त्यांच्या विचाराचा गाभा. माहिती मुबलक झाली की लक्ष दुर्मीळ होते, असेही त्यांनी १९७१ मध्येच मांडले होते. या दृष्टीने पाहिले तर एका खिडकीतला आकडा मनात धरून दुसऱ्या खिडकीत जाणे हा एक व्यवहारखर्च आहे. एकदा गेले तर नगण्य. पण निविदांचा तुलनात्मक तक्ता मूळ निविदांशी ताडून पाहताना, लेखापरीक्षणाच्या परिच्छेदाचे उत्तर तपासताना तो पन्नास वेळा द्यावा लागतो. मग माणूस काय करतो? ताडून पाहणे सोडतो आणि तक्ता तयार करणाऱ्यावर विश्वास ठेवतो. वरच्या पायऱ्या त्यामुळे शोभेच्या होतात.

इथे एक खुलासा केला पाहिजे, कारण पडदा विभागण्याचा पुरस्कार करणारे पुष्कळदा ‘एकाच वेळी दोन कामे’ या नावाने तो करतात. ते मला मान्य नाही. एका अर्ध्यात दूरदृश्य बैठक आणि दुसऱ्या अर्ध्यात नस्ती, हा प्रकार २०२० पासून बोकाळला आहे आणि त्यात बैठकही होत नाही आणि नस्तीही होत नाही. पडद्याचे दोन भाग एकाच कामाच्या दोन बाजूंसाठी असावेत. दावा आणि आधार. मसुदा आणि नियम. जुना आदेश आणि नवा आदेश. मूळ आणि अनुवाद.

अनुवादाचे तर थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. राजभाषा अधिनियम, १९६३ च्या कलम ३(३) नुसार ठराव, सर्वसाधारण आदेश, नियम, अधिसूचना, करार, परवाने, निविदांचे नमुने इत्यादी दस्तऐवज हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत काढणे बंधनकारक आहे. सही करणारा अधिकारी दोन्हींस जबाबदार असतो. प्रत्यक्षात इंग्रजी वाचून सही होते आणि हिंदी प्रत अनुवादकाच्या भरवशावर जाते. दोन्ही प्रती शेजारी ठेवून परिच्छेदाशी परिच्छेद जुळवत गेले तर इंग्रजीतील एखादा ‘नाही’ हिंदीत गळला आहे किंवा मसुद्याच्या आदल्या आवृत्तीतली तारीख तशीच राहिली आहे, हे मजकुराचे पांडित्य नसतानाही दिसते. मराठी माणसाला लिपी एकच असल्याने हे काम अधिक सोपे जाते. बंगालमधल्या किंवा तमिळनाडूमधल्या सहकाऱ्याची अडचण मला समजते.

मात्र इथे एक तांत्रिक गोम आहे. विंडोज ७ पर्यंत कळफलकाची भाषा ज्या त्या खिडकीची वेगळी राहत असे. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे देवनागरी इनस्क्रिप्ट, खिडकी बदलली की कळफलकही बदले. विंडोज ८ पासून सर्व खिडक्यांना एकच भाषा हा सर्वसाधारण नियम झाला. त्यामुळे हिंदी मसुद्यात इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी टिप्पणीत देवनागरी उमटते, आणि लेखनिक वैतागून पुन्हा एकच खिडकी पडदाभर करतो. प्रत्येक ॲप-खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याचा पर्याय कळफलकाच्या प्रगत मांडणीत आहे, एक खूण केली की झाले. मी विचारले त्यांपैकी फार थोड्यांना तो माहीत होता. संगणक प्रशिक्षणात सादरीकरणाच्या चित्रांना हलवण्याचे धडे दिले जातात, हे सांगत नाहीत. ब्राउझरमधल्या दोन टॅब एकाच वेळी पाहायच्या तर एक टॅब ओढून बाहेर काढली की तिची स्वतंत्र खिडकी होते, हेही अनेकांना नवलाचे वाटते.

पण केवळ सवयीला दोष देऊन भागणार नाही, कारण पडदाच लहान असेल तर सवय काय करणार? येथे थोडे गणित करू. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतो. चौदा इंची लॅपटॉपचा १६:९ प्रमाणातला पडदा सुमारे ३१ सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्या अर्ध्यात, म्हणजे साडेपंधरा सेंटिमीटरांत, ए-४ चे पान बसवले की १२ बिंदूंचे अक्षर जेमतेम ९ बिंदूंचे होते. देवनागरीत त्या आकाराला ‘ध’ आणि ‘घ’ सारखेच दिसतात, अनुस्वार तर गेलाच. पन्नाशीच्या पुढच्या डोळ्यांविषयी न बोललेले बरे. उलट २३.८ इंची पडदा सुमारे ५२.७ सेंटिमीटर रुंद आणि साडेएकोणतीस सेंटिमीटरांहून किंचित अधिक उंच असतो. म्हणजे पूर्ण आकाराची दोन पाने त्यावर जवळजवळ जशीच्या तशी शेजारी मावतात, वर कडेला जागा उरते. अवजारांच्या पट्ट्यांना थोडी उंची जाते, तरी वाचायला त्रास होत नाही.

आणखी एक गोष्ट. पडद्याची खरेदी कर्णाच्या इंचांत होते. जुन्या ५:४ प्रमाणाच्या पडद्यापेक्षा त्याच कर्णाच्या १६:९ पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरते आणि उंची तर २१ टक्क्यांहून अधिक घटते. कागदपत्रे उभी असतात, पडदे चित्रपटासाठी आडवे झाले, आणि आमच्या खरेदीच्या विनिर्देशांत इंच तेवढे राहिले. वर सर्वात कमी किमतीचा देकार घेण्याचा नियम. नियम चुकीचा नाही. विनिर्देश लिहिणाऱ्याने ‘ए-४ ची दोन पाने पूर्ण आकारात शेजारी दिसावीत’ असे लिहिले तर त्याच नियमाने योग्य पडदा मिळेल. ज्याच्या टेबलावरून निर्णय जातात त्याला लहान पडदा देऊन वाचवलेले काही हजार रुपये आणि वर सांगितलेले सात महिने, यांची बेरीज वजाबाकी एकाच खातेवहीत होत नाही, म्हणून ती बचत वाटते.

या सोयीविषयी तक्रारी नाहीत असे नाही. खिडकी नुसती बाजूला सरकवायची असते आणि ती कडेला लागताच अर्धा पडदा व्यापून बसते. विंडोज ११ मध्ये खिडकी वर नेली की मांडणीची पट्टी अनाहूत पाहुण्यासारखी खाली उतरते. माझे एक ज्येष्ठ सहकारी यामुळे इतके चिडले की त्यांनी ती सोय बंदच करून घेतली. सेटिंगमध्ये ‘मल्टिटास्किंग’ या सदराखाली तसे करता येते, आणि त्यातले पर्याय एकेक करून बंद करता येतात हे त्यांना नंतर कळले. त्यांचा मूळ आक्षेप मात्र मला विचारार्ह वाटतो. माझे कागद मी कसे मांडायचे हे यंत्राने का ठरवावे? पूर्वी कार्यपद्धती बदलायची तर परिपत्रक निघे, हरकती येत, निदान कोणाची तरी सही असे. आता परदेशातील एका कंपनीने मांडणी बदलली की देशभरच्या टेबलांवरची कार्यपद्धती न सांगता बदलते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि कार्यालयांना विंडोज ११ कडे वळणे भाग पडले, त्यातही कामाच्या मांडणीचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही. सी-डॅकची लिनक्सवर आधारलेली बॉस ही प्रणाली आपल्या हातात आहे. टिप्पणी व पत्रव्यवहार उघडताच शेजारी बसतील, आणि टिप्पणीतल्या संदर्भावर बोट ठेवताच ते पान दुसऱ्या अर्ध्यात येईल, अशी मांडणी तीत रुजवता आली तर निव्वळ ‘स्वदेशी’ या विशेषणापेक्षा ते मोठे काम ठरेल.

तोपर्यंत मी माझ्या विभागात दोनच गोष्टी सांगितल्या आहेत. टिप्पणीत पृष्ठाचा संदर्भ असेल तर ते पान शेजारी उघडल्याखेरीज नस्ती पुढे सरकवायची नाही, आणि कलम ३(३) चे दस्तऐवज दोन्ही भाषांत समोरासमोर ठेवूनच तपासायचे. पहिल्या महिन्यात निपटाऱ्याचा आकडा खाली आला आणि त्याबद्दल वरून विचारणाही झाली. उत्तरात मी परत आलेल्या नस्त्यांची संख्या जोडली, तीही त्याच महिन्यात खाली आली होती. मोठ्या पडद्यांचा प्रस्ताव वित्त शाखेकडे आहे. त्यांनी विचारले आहे की आहेत त्या पडद्यांत नेमके काय नादुरुस्त झाले आहे.